परदेशी मुलं वर्गात आहेत, आधी आम्हा शिक्षकांना तयार करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या जूनमध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत कॅम्पस काढायला इरादापत्रं मिळाली, ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाईन संस्था, तेव्हापासून महाराष्ट्र शिक्षणाचं जागतिक केंद्र होणार अशा बातम्या सारख्या वाचायला मिळतायत. होऊ दे, आनंदच आहे. पण जी परदेशी मुलं आत्ता आपल्या साध्या कॉलेजांमध्ये बाकावर बसलेली आहेत त्यांच्याशी नीट बोलायचं, त्यांचं ऐकायचं कसं हे आपण अजून शिकलेलो नाही आणि इथे आपण म्हणजे आधी आम्ही शिक्षक. मी पुण्यात कॉमर्स शिकवते, माझ्या वर्गात अफगाणिस्तान, येमेन, सुदान, नायजेरियाची मुलं असतात, म्हणून हे पत्र.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात 2019-20 ला देशात 49,348 परदेशी विद्यार्थी होते, 2021-22 ला 46,878. सगळ्यात जास्त नेपाळचे. मध्ये कोविड होता हे मान्य, पण परदेशी मुलांना इथे शिकायला आणायची केंद्राची 'स्टडी इन इंडिया' योजना 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा आकडा चढता राहील असंच सगळे धरून चालले होते. मुलं का येत नाहीत ह्याची कारणं बरीच आहेत, व्हिसा, फी, रँकिंग, सगळं खरं. पण आलेला मुलगा रात्री घरी फोन करून काय सांगतो ह्यावर त्याच्या धाकट्या भावाला इथे पाठवायचं का नाही हे ठरतं, हे मी अनेक घरांच्या बाबतीत बघितलंय.

आता वर्गात काय होतं ते सांगते. एका प्रोजेक्ट व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी इंटर्नल परीक्षक होते आणि बाहेरून आलेले एक अनुभवी सर एक्स्टर्नल होते. नायजेरियाचा मुलगा, प्रोजेक्ट स्वतः केलेला, मार्केट यार्डात जाऊन अडत्यांशी बोलून डेटा गोळा केलेला, वही भरून नोंदी होत्या त्याच्याकडे. पण उत्तर देताना तो पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होता, आवाज हळू, सर एकदा म्हणाले "लुक ॲट मी" तर अजूनच खाली बघायला लागला. तो बाहेर गेल्यावर सर म्हणाले, कॉपी केलेलं दिसतंय, नजर चुकवतोय, कॉन्फिडन्सच नाही. आणि मार्क टाकायला पेन उचललं. मी थांबवलं. त्याच्या आधीच्या बॅचमधल्या एका नायजेरियन मुलीने मला सांगितलं होतं की त्यांच्या योरुबा समाजाच्या घरांमध्ये मोठ्या माणसाच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं उद्धटपणाचं समजतात, लहानपणी त्यासाठी ओरडा बसतो. मी हे सरांना सांगितलं, त्याची नोंदवही दाखवली, मग त्याला परत आत बोलवून फक्त आकड्यांवर प्रश्न विचारले, त्याने सगळे बरोबर दिले. मार्क मिळाले. पण माझ्या मनात येतं की त्या दिवशी दुसरं कोणी इंटर्नल असतं तर? आणि अशा किती व्हायवा रोज होत असतील जिथे कोणी थांबवायला नसेल? एक गोष्ट आणखी, आमच्याकडे बीड-लातूरहून आलेली मुलंसुद्धा सरांसमोर खालीच बघतात, त्यांच्या बाबतीत आपण "लाजाळू आहे" म्हणतो आणि सोडून देतो. म्हणजे हा संकेत आपल्याला अनोळखी नाहीये, फक्त समोरचा चेहरा अनोळखी असला की आपण त्याचा अर्थ वेगळा लावतो.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ही आमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाकडून होते. लेक्चर इंग्लिशमध्ये सुरू होतं, मुद्दा अवघड आला की आपण मराठीत नाहीतर हिंदीत समजावतो, वर्ग हसतो, माना डोलावतो, आणि मागच्या बाकावरची चार मुलं एकमेकांकडे बघत बसतात. ह्यात परदेशी असतात, मणिपूर-नागालँडची असतात, कधी केरळचीही. मराठीत समजावू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाचा तो हक्क आहे, फक्त मराठीत सांगितलेलं दोन वाक्यांत इंग्लिशमध्ये परत सांगा आणि फळ्यावर मुद्दा लिहा. वेळ लागतो मिनिटभर. आणि ते माना डोलावणं सुद्धा, आपली मान आडवी-तिरकी हलते त्याचा अर्थ हो का नाही हे बाहेरच्या मुलाला महिनोन्‌महिने कळत नाही, ऑफिसच्या खिडकीवर तर ह्याने फार घोळ होतात.

खिडकीचा विषय निघालाच आहे तर, परदेशी मुलाला आल्या आल्या पोलिसांकडे नोंदणी करायची असते, घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती कळवायचा फॉर्म भरायचा असतो, कॉलेजने वेगळा फॉर्म भरायचा असतो, व्हिसा वाढवायला बोनाफाईड लागतं. हे सगळं ज्या क्लार्कच्या हातात असतं त्याला किंवा तिला कोणीही कधीही एक तासाचंसुद्धा ट्रेनिंग दिलेलं नसतं. ऑगस्ट 2021 मध्ये काबूल पडलं तेव्हा पुण्यातली अफगाण मुलं घरून पैसे येणार का, परत जाता येणार का ह्या काळजीत होती, एप्रिल 2023 ला सुदानमध्ये युद्ध पेटलं तेव्हा खार्टूमच्या बँकाच बंद पडल्या, अशा वेळी फी भरायची मुदत संपली म्हणून हॉल तिकीट अडवायचं का नाही हा प्रश्न नियमाचा आहे तसाच समोरच्याच्या देशात काय चाललंय हे माहीत असण्याचाही आहे. काही ठिकाणी माणसांनी फार चांगलं निभावलं, पण ते त्या त्या माणसाच्या चांगुलपणावर चाललं.

कॉलेजं काहीच करत नाहीत असंही नाही. दरवर्षी कल्चरल डे होतो, मुलं आपापल्या देशाचे कपडे घालतात, स्टॉल लागतात, नाच होतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांमध्ये सांस्कृतिक, भाषिक, प्रादेशिक विविधतेबद्दल सलोखा वाढवायला संस्थेने काय केलं हे विचारलेलं असतं, त्यामुळे जिओटॅग केलेले फोटो काढून फाईलला लागतात. कार्यक्रम व्हावेत, मुलांना आवडतात. पण दुसऱ्या दिवशी वर्गात तीच मुलं पुन्हा एका कोपऱ्यात बसतात, कारण ग्रुप पाडताना आपण म्हणतो "तुमचे तुम्ही ग्रुप करा". मग मराठीचा एक ग्रुप, हिंदीचा एक, आणि उरलेले सगळे देश मिळून एक. मायकेल बायरम नावाच्या अभ्यासकाने 1997 मध्ये ह्या आंतरसांस्कृतिक संवादाची मांडणी केली त्यात माहिती हा फक्त एक भाग आहे, बाकी कुतूहल, समोरच्याच्या वागण्याचा अर्थ लावता येणं, न कळलेलं विचारून शोधून काढता येणं आणि स्वतःच्या सवयींकडेही तपासून बघता येणं असं सगळं येतं. म्हणजे ही करून करून येणारी गोष्ट आहे, स्टॉलवरचा पदार्थ चाखून येत नाही.

करून येते म्हणजे कशी, ते एक उदाहरण. बँकिंगच्या पेपरला मी असाईनमेंट देते, आपापल्या गावात बँकेशिवाय पैसे कसे जमवतात ह्यावर, आणि ग्रुप मी पाडते. एका वर्षी सुदानची एक मुलगी आणि अंबाजोगाईकडचा एक मुलगा एका जोडीत आले, दोघांचंही शालेय शिक्षण इंग्लिशमध्ये नाही, तिचं अरबीत आणि ह्याचं मराठीत, त्यामुळे दोघंही सुरुवातीला गप्प. मग बोलता बोलता निघालं की हिच्या आईची गल्लीतल्या बायकांबरोबर 'सन्दूक' आहे आणि ह्याच्या आईची भिशी, दर महिन्याला सगळ्यांनी ठराविक रक्कम टाकायची आणि एकीने उचलायची, तेच. ह्याच्या आईकडे चिठ्ठ्या टाकतात. तिच्याकडे क्रम आधीच ठरतो, पण कोणाच्या घरी लग्न किंवा आजारपण निघालं तर ती बाई पुढे जाते. मधेच एखादीने पैसे भरायचे बंद केले तर काय, ह्यावर ती दोघं माझ्या केबिनबाहेर अर्धा तास वाद घालत उभी होती, तुटक्या इंग्लिशमध्ये, हातवारे करून, कागदावर आकडे मांडून. त्याने रात्री आईला फोन लावून विचारलं, तिने व्हॉट्सॲपवर आईचा व्हॉइस मेसेज मागवला. त्या वर्षीची सगळ्यात चांगली असाईनमेंट ती होती. पुढे दोन्ही वर्षं ती दोघं अभ्यासाला एकत्र बसायची. ह्याला पैसे लागले नाहीत, हॉल लागला नाही, फक्त जोड्या विचार करून लावाव्या लागल्या आणि विषय असा द्यावा लागला की दोघांकडेही सांगायला सारखंच काहीतरी असेल.

हे मला कोणी शिकवलेलं नाही आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आम्हाला प्रमोशनसाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर, एफडीपी असे शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स करावे लागतात, आता त्यांची केंद्रं मालवीय मिशनच्या नावाने चालतात, तिथे नवं शैक्षणिक धोरण (एनईपी), माहिती तंत्रज्ञान (आयसीटी), संशोधन पद्धती सगळं असतं. वर्गात वेगवेगळ्या देशांची, राज्यांची मुलं असताना कसं शिकवायचं, कसं तपासायचं, ग्रुप कसे करायचे, रमजानमध्ये प्रॅक्टिकलची वेळ कशी ठेवायची ह्यावर मी केलेल्या एकाही कोर्समध्ये कधी एक सेशन झालं नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी ऑफिस असावं असं लिहिलंय, यूजीसीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. माझ्या माहितीतल्या काही कॉलेजांत ते ऑफिस म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला दिलेलं ॲडिशनल चार्जचं पत्र.

आणि हा विषय फक्त परदेशी मुलांपुरता नाही हे पुणेकरांनी तरी विसरू नये. ऑगस्ट 2012 मध्ये हल्ले होणार अशा अफवा पसरल्या आणि ईशान्येची मुलं बॅगा भरून पुणे स्टेशनवर गुवाहाटीच्या गाड्यांसाठी उभी होती. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत नीडो तानिया ह्या अरुणाचलच्या मुलाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात आणा असं सुचवलं. आमच्या वर्गातल्या मुलांना आजही इंफाळ कोणत्या राज्यात हे पटकन सांगता येत नाही.

पुण्याला हे जमणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. फर्ग्युसनमध्ये बॉटनी शिकवणारे आणि होस्टेलचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार, त्यांनी काविळीने आजारी पडलेल्या एका परदेशी मुलाला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना बघितलं आणि त्यातून 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली, ही ह्याच शहरातली गोष्ट. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, मॅक्सम्युलर भवनमध्ये आपली मुलं जर्मन, जपानी शिकतात तेव्हा तिथल्या लोकांकडे जेवायला गेल्यावर कसं वागायचं, वेळ कशी पाळायची हे सगळं मन लावून शिकतात. राज्य सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तिथे जाणाऱ्यांना हे शिकवणारच. बाहेर जाताना जी तयारी करतो ती इथे आलेल्यांसाठी का करत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझी मागणी साधी आहे. नव्या शिक्षकांच्या ओरिएंटेशनमध्ये दोन दिवस ह्या विषयाला द्या, आणि तिथे बोलायला बाहेरचे तज्ञ बोलवाच पण सीनियर परदेशी आणि ईशान्येच्या विद्यार्थ्यांनाही रीतसर मानधन देऊन बोलवा, आम्हाला काय कळत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. ऑफिस स्टाफला एक दिवस. एक्स्टर्नल एक्झामिनरना जी सूचनापत्रं जातात त्यात व्हायवा-प्रेझेंटेशनसाठी एक परिच्छेद. मुलांसाठी एनईपीमध्ये दोन क्रेडिटचे व्हॅल्यू ॲडेड कोर्स आहेतच, त्यात हा एक घाला, पण लेखी परीक्षा ठेवू नका, जोड्यांनी काम करायला लावा. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवरची मंडळी तुमचा पेपर वाचतात म्हणून हे इथे लिहिलं. नवीन वर्षाचे ॲडमिशन सुरू व्हायच्या आत निदान ते एक्झामिनरचं पत्र तरी निघावं, त्याला ना बजेट लागतं ना समिती.

आपली,
एक प्राध्यापिका, पुणे