कर्जाला ‘मदत’ म्हणू नका

संपादक महोदय,

शेततळ्यासारख्या कामांना अनुदान देणाऱ्या कृषी संजीवनी प्रकल्पावरील कालच्या बातमीत ‘जागतिक बँकेची मदत’ हे शब्द तीनदा आले. ही मदत नाही. २०१८ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी मंजूर झालेले ४२ कोटी डॉलर हे कर्ज होते. २००५ पासून परदेशी कर्ज राज्यांना मूळ अटींवर, परकीय चलनाच्या हिशेबातच पुढे दिले जाते, त्यामुळे रुपया घसरला की बोजा राज्याच्या तिजोरीवर. २०१८ मध्ये डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, आता ८० च्या वर आहे.

फेडायचे आपल्यालाच, तर पैसे शेतात कधी पोचतात हे तरी छापा. अर्ज, गावसमितीची मान्यता, पूर्वसंमती, पदरच्या पैशाने काम, मोका तपासणी, आणि सगळ्यात शेवटी खात्यावर अनुदान. कोरडवाहू शेतकऱ्याने तोवरचे पैसे आणायचे कुठून?

शेततळेच घ्या. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, उतार एकास एक. तळ उरतो २४ बाय २४ चा. दोन्हीकडचे उतार आणि काठच्या चरात दाबायचा भाग धरून अस्तराचा प्लॅस्टिक कागद एका बाजूने साडेचौतीस मीटर लागतो, म्हणजे जवळपास १,२०० चौरस मीटर. तो पावसाआधी, मे महिन्यातच अंथरला पाहिजे. संमती जुलैत आली, की तोवर उतार ढासळलेले असतात, मुरमाचे खडे उघडे पडलेले असतात. ते वेचून मऊ मातीचा थर दिला नाही, तर पाण्याच्या वजनाने खडा कागदातून आरपार जातो. भोक कुठे आहे, हे तळे उपसल्याशिवाय सापडत नाही. आणि रिकामे ठेवले तर कागद उन्हाने तडकतो.

म्हणून ज्याच्याकडे आधीच बागायत आणि रोकड आहे, तोच हे निभावतो. तळे भरतो बोअरच्या पाण्याने. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडाले, तरी अशा तळ्यातून रोज ९ हजार लिटर जातात. शेजारच्या विहिरीचे पाणी असे वर काढून उन्हात ठेवायला कर्ज काढले होते का?

पूर्वसंमती मार्चअखेर द्या. खोदाईचे मोजमाप झाले की पहिला हप्ता, कागद अंथरला की दुसरा. गावाचा पाण्याचा ताळेबंद उणे असेल, म्हणजे उपलब्ध पाण्यापेक्षा वापर जास्त असेल, तिथे तळे ओघळाच्या पाण्यानेच भरायचे, ही अट घाला आणि पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ अडवायचा खड्डा असल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे आहेत. हे आताच ठरायला हवे.

जाता जाता : त्याच बातमीच्या चौकटीत या मापाच्या तळ्याची क्षमता २२ हजार लिटर छापली आहे. तेवढे पाणी दोन टँकरमध्ये मावते. ती २२ लाख लिटर हवी. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, जि. जालना