स्किलाचीवर पण छापा ना

संपादक साहेब, नमस्कार. क्रीडा पानावर रोज क्रिकेटच असते, पण आमच्या दारव्हा तालुक्यातले पोट्टे पऱ्हाटी उपटलेल्या वावरात फुटबॉल खेळतात, त्यांच्यासाठी इटलीच्या फुटबॉलपटू साल्वातोरे स्किलाचीवर लिहा. पालेर्मोच्या गरीब घरचा, टायरच्या दुकानात काम केलेला माणूस, १९९० च्या वर्ल्डकपमध्ये ऑस्ट्रियासोबत बदली म्हणून उतरला अन् काही मिनिटांतच हेडरनं गोल, मग एकूण ६ गोल, सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट अन् सगळ्यात भारी खेळाडूचा गोल्डन बॉल, दोन्ही त्यालेच! २०२४ मध्ये वारला. माझा पोरगा पंक्चर काढते, संध्याकाळी ग्रीसच्या काळ्या हातानंच बॉल घेऊन पळते. त्याले हे तुमच्या पेपरात वाचायचं आहे. फोटोसहित छापा, कापून दुकानात लावतो.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ