खणखण राहू दे, खडखड घालवू

अमळनेर,
2 एप्रिल

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन झाला, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. अण्णांचा काळा फोन तू माळ्यावरून काढलास, पुसलास, फायबर इंटरनेटच्या डब्याला जोडून वाजवलास, हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण पुढचं ऐकलं आणि जीव खालीवर झाला. फोन वाजला की शोकेस थरथरतं, काचा वाजतात, काकू दचकून उठून बसतात, म्हणून तू घंटीत कापूस कोंबायला निघाला आहेस. कोंबू नको. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब. हे फोनवर पाच मिनिटांत सांगून भागणारं नव्हतं, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. दहानंतर इथे पंख्याखालीसुद्धा बसवत नाही.

तूच म्हणालास की काकूंना मोबाइलची रिंग ऐकू येत नाही, पण ही घंटी बरोबर कळते. मग विचार कर, कापूस कोंबल्यावर मरेल काय? घंटीचा नाद मरेल. शोकेस हलणं तसंच राहील, कारण हातोडी ठोकतच राहणार. हवी ती गोष्ट जाईल आणि नको ती घरात राहील.

त्या फोनमधून दोन वेगळे आवाज येतात, ते आधी वेगळे कर. घंटीच्या दोन पितळी वाट्यांची खणखण हा फोनचा खरा आवाज. खडखड मात्र पेटीची, टेबलाची, काचेची. अमळनेरच्या घरात हाच फोन कोनाड्यात असायचा, आठवतंय? धाब्याचं घर, हातभर जाडीची मातीची भिंत. फोन वाजला की ओट्यावर बसलेल्या आजीला आवाज जायचा, ती आतल्यांना हाक मारायची, "फोन वाजी ऱ्हायना!" म्हणजे आपल्या अहिराणीत, फोन वाजतोय. त्या कोनाड्यात कधी काही खडखडलं नाही. फोन तोच आहे, त्याची बैठक बदलली. मातीच्या भिंतीवरून उतरून तो प्लायवुडच्या पातळ फळीवर बसला आहे. एकतारीची तार नुसती ताणून छेडली तर शेजारच्यालाही ऐकू जात नाही, भोपळा लागला की देऊळ भरतं. तुझं शोकेस त्या फोनचा भोपळा झालं आहे. फरक इतकाच की भोपळा सुरात बोलतो आणि प्लायवुड बोलत नाही.

आता आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे हात कुठे घालायचा ते कळेल. आपल्याकडे एक्स्चेंजमधून घंटीसाठी साधारण 75 व्होल्टचा एसी करंट यायचा, सेकंदाला 25 फेऱ्यांचा. कॉइलमध्ये करंटची दिशा बदलेल तसं आर्मेचर, म्हणजे हातोडी धरणारी लोखंडी पट्टी, एकदा इकडे, एकदा तिकडे झुकतं, कारण मागे कायमचा चुंबक बसवलेला असतो. फोनवाल्या ग्रॅहम बेलचा सहकारी वॉटसन याने 1878 मध्ये ही रचना केली आणि शंभरावर वर्षं ती तशीच चालली. तारेवर पुढे हातोडी. एका फेरीत ती दोन्ही वाट्यांवर एकेकदा आपटते, म्हणजे सेकंदाला 50 ठोके. आपली रिंग कशी, तर 0.4 सेकंद वाजते, 0.2 थांबते, पुन्हा 0.4 वाजते आणि मग 2 सेकंद गप्प. त्या एका 'ट्रिंग'मध्ये 20 ठोके असतात, दर वाटीवर दहा. मी फोनच्या लायनीवर कामाला नवा होतो तेव्हा हा हिशोब कळला आणि कित्येक दिवस प्रत्येक रिंग मोजल्यासारखी ऐकत होतो.

प्रत्येक ठोक्याला वाटी बोलते, आणि त्याच ठोक्याचा उलटा धक्का फ्रेमला बसतो. फ्रेम तो पेटीच्या तळाला देते, तळ पायांना, पाय फळीला. हा धक्का वाटेत कुठेतरी अडवायचा आहे. कुठे अडवायचा, यातच सगळं आहे, आणि ते मी चूक करूनच शिकलो.

धरणगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगची गोष्ट. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम लागला की तिथे मशीनच्या आवाजात ऑफिसचा फोन ऐकू यायचा नाही. म्हणून जादा घंटी लावली होती, ती पत्र्याच्या पार्टिशनवर, आवाज मोठा व्हावा म्हणून. मोठा झाला खरा, पण पत्राच इतका थरथरायचा की फोन वाजतोय की मशीनचा पट्टा फडफडतोय हे कुणाला कळेना. दिवाणजींनी मला बोलावलं. मी वाट्या काढल्या, प्रत्येक वाटीखाली सायकलच्या ट्यूबचं वायसर घातलं, वरूनही एक घातलं आणि आवळलं. घंटी लावून पाहिली तर 'थप थप थप'. चुलीवर भाकरी थापल्यासारखा आवाज. मला इतकं वाईट वाटलं! चांगली पितळी वाटी मी मुकी केली होती.

रात्री घरी पितळी डब्याचं झाकण घेऊन बसलो. मधोमध चिमटीत धरून काठावर चमचा मारला तर छान वाजलं. काठाला धरून मारला तर मेलं. वाटी वाजते तेव्हा तिचा काठ आतबाहेर होत असतो आणि मधलं भोक जवळजवळ स्थिर असतं. म्हणून तर तिला मध्ये धरतात. मधला स्क्रू घट्ट, धातूला धातू लागून, आणि काठ मोकळा असला पाहिजे. रबर वाटीला चिकटलं की ते वाटीचाच नाद पिऊन टाकतं.

दुसऱ्या दिवशी वाट्या पुन्हा घट्ट बसवल्या. सगळी घंटी सागाच्या जाड फळीवर चढवली आणि ती फळी पत्र्याला रबराच्या बुशांवर लावली. पत्रा गप्प झाला. घंटी अशी स्वच्छ ऐकू आली की वजनकाट्यावर उभे असलेले शेतकरी वळून बघायला लागले. आवाज मोजला असता तर कदाचित पहिल्यापेक्षा कमीच भरला असता, पण मशीनच्या घरघरीतून तो वेगळा निघत होता.

तेव्हा तुझ्या फोनचंही असंच करायचं. आधी खडखड कुठून येते ते शोध. मोबाइलवरून फोन लाव आणि वाजत असताना फोन दोन्ही हातांनी उचलून धर. खडखड थांबली तर दोष शोकेसचा. थांबली नाही तर आतला. मग रिसीव्हर बोटाने दाबून बघ. पुष्कळदा तोच खाचेत नाचत असतो, आणि आपण उगाच घंटीला दोष देतो. खाचेत पातळ नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, चिकटवला की झालं. शोकेसच्या काचा सरकत्या असतील तर त्यांच्या खोबणीतही नमद्याची पट्टी घाल.

पेटी उघडायच्या आधी लायनीची वायर काढ. विसरू नको. 75 व्होल्टने माणूस सहसा मरत नाही, पण शिडीवर चढून टर्मिनल धरलं आणि तेवढ्यात कुणीतरी नंबर फिरवला, तर काय होतं ते माझ्या कोपराला विचार. उघडल्यावर वाजवून बघायचंच असेल तर आत बोट घालू नको, कोरडी लाकडी पट्टी घे. एकेका भागावर हलकी टेकव. जिथे टेकवल्यावर खडखड बंद होते, तिथलं काहीतरी ढिलं आहे. कंडेन्सरची पट्टी बघ, डायल धरणारा स्क्रू बघ, वाटीचा मधला स्क्रू तर सगळ्यात आधी. तो ढिला असला की खणखणीच्या मागे एक बारीक झिणझिण येते.

मग हातोडीची फट. आर्मेचर हाताने एका बाजूला दाबून धरलं तरी हातोडी वाटीला टेकलेली नसावी. ती तारेच्या लवचिकतेने पुढे झेप घेऊन ठोका मारते आणि लगेच मागे येते. टेकून राहिली तर 'खर्रर' होतं, नाद मरतो आणि धक्का वाढतो. माझ्या पिशवीत पोस्टकार्डाचा एक तुकडा कायम असायचा, त्याच्या जाडीइतकी फट ठेवायची. वाटीचं भोक बऱ्याच फोनमध्ये मध्यापासून किंचित सरकवलेलं असतं, ते चुकून नव्हे. स्क्रू ढिला करून वाटी जराशी फिरवली की फट कमीजास्त होते. फायबरच्या डब्यातून रिंगचा करंट बऱ्याचदा एक्स्चेंजइतका दमदार येत नाही, त्यामुळे तुला तर ही फट जपूनच लावावी लागेल. ठोक्यातलं सगळं बळ वाटीलाच मिळालं पाहिजे.

आता रबर. इथे घाई करू नको, आधी नीट बघ. वाट्यांचे खांब आणि कॉइल एकाच पत्र्याच्या फ्रेमवर आहेत का? असतील तर फ्रेम आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये रबर घालता येईल, कारण सगळं एकत्र हललं तरी हातोडी आणि वाटी यांच्यातली फट बदलत नाही. पण वाट्या तळावर वेगळ्या उभ्या असतील आणि कॉइल वेगळी, तर तिथे रबराला हातही लावू नको. कॉइल एकीकडे डुलेल, वाटी दुसरीकडे राहील आणि ठोका रोज बदलेल. तसं असेल तर जे करायचं ते पेटीच्या पायाखाली.

फ्रेमखाली रबर घालताना लोक एक गोष्ट विसरतात. रबर घालतात आणि स्क्रू थेट त्यातून नेऊन करकचून आवळतात. मग रबर दबून दगड होतं, शिवाय स्क्रूची दांडी फ्रेमला घासते आणि धक्का त्या दांडीतूनच खाली उतरतो. धरणाला दार लावलं आणि बाजूचा बांध फोडून ठेवला, अशातली गत. म्हणून भोकात कॉलर असलेलं रबरी ग्रॉमेट बसवायचं, मोटार वाइंडिंगच्या किंवा मिक्सरच्या दुकानात मिळतं, आणि त्याच्या आत पितळी नळीचा तुकडा. रबराची एकूण उंची 8 मिलिमीटर असेल तर नळी 7 ची. स्क्रू कितीही आवळला तरी तो नळीवर थांबतो, रबर फक्त 1 मिलिमीटर दबतं आणि त्याचा मऊपणा शाबूत राहतो. स्क्रूच्या डोक्याखालचं वायसर मात्र नळीवर बसेल इतकं मोठं घ्यायचं.

मऊ किती असावं, हे तू विचारणारच, गणितात पहिल्यापासून तूच पुढे. वजन ठेवल्यावर रबर जितकं दबतं त्यावरून त्याचा स्वतःचा झोका ठरतो. 2.5 मिलिमीटर दबलं तर सेकंदाला साधारण 10 झोके. पाव मिलिमीटर दबलं तर 32 च्या आसपास. यात एक खड्डा आहे. 0.4 मिलिमीटर दबणाऱ्या रबराचा झोका 25 वर येतो, आणि आपली हातोडीही 25 नेच हलते. झोपाळ्याला बरोबर त्याच्या झोक्यावर ढकलावं तसं होतं, रबर धक्का अडवायच्या ऐवजी वाढवतं. त्यामुळे 'रबर घातलं तरी फरक नाही, उलट वाढलं' असं कुणी म्हणालं की मी त्याला खोटं ठरवत नाही. पेटीच्या आत अडीच मिलिमीटर दबणारं रबर घालायला जागा नसते, फ्रेम लटपटेल. म्हणून आत कडकसर पातळ रबर, जे फक्त वरची बारीक कर्कश खडखड तोडेल. ती सेकंदाला काही शे कंपनांची असते, तिला एवढंही पुरतं. आणि खरा मऊपणा फोनच्या पायाखाली. तिथे सगळ्या फोनचं वजन मिळतं, जागाही भरपूर. चार जाड मऊ पाय, आणि त्यांच्याखाली प्लायवुडवर एक जड फरशीचा तुकडा. कडप्पा चालेल. तुझ्याकडे कोनाडा नाही, तर कोनाड्याची एक वीट तरी त्याला मिळू दे.

अण्णांच्या फोनचे जुने पाय आता नखाने खरवडून बघ, चुना झाले असतील. आपल्या खान्देशातल्या 44-45 अंशांत साधं रबर काही उन्हाळ्यांतच तडकतं. मी कित्येक फोनचे पाय हातात भुगा होताना पाहिले आहेत. म्हणून सायकलची ट्यूब वापरू नको. निओप्रीन नावाचं कृत्रिम रबर माग, थोडं महाग पडेल पण टिकेल.

काकूंना माझा नमस्कार सांग. भरताची वांगी पाठवणार होतो, पण या उन्हात पार्सलमध्ये तग धरणार नाहीत. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी ये, कळण्याची भाकर आणि भरीत शेतातच करू. येताना फोन टॉवेलात गुंडाळून घेऊन ये, वाट्या काढून वेगळ्या बांध म्हणजे वाटेत हातोडी वाकणार नाही.

तुटलेल्या ट्रान्झिस्टरचा एरियल माझ्याकडे आहे, त्याच्या नळ्या या कामाला अगदी बरोबर बसतात. फ्रेमच्या पत्र्याची जाडी आणि भोकाचा व्यास मोजून तेवढं कळव, म्हणजे तुकडे कापून, घासून तयार ठेवतो.

तुझाच,
नाना