आर्द्रा, आरसीसीबी आणि काळे ओठ

मुंबई,
२४ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की तुझ्या घरातली मेन का पडते, काक्षी तारा तांबडा का, आणि मूकपटांतल्या बायकांचे ओठ काळेकुट्ट का? एका पत्रात तीन दिशांचे तीन प्रश्न, हे तूच करू जाणे. आधी मेन, कारण तिथे गाठ जिवाशी आहे.

तू लिहितोस त्यावरून पडतोय तो एमसीबी, म्हणजे एकेका लाइनवर जास्त करंट गेला की पडणारा स्विच नव्हे, आरसीसीबी. टेस्टचं बटण असतं तो. आपले इलेक्ट्रिशियन अजून त्याला ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच तो बघतो. घरच्या आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक झाला की तो पडतो, कारण तेवढा करंट दुसऱ्याच वाटेने जमिनीत जातोय. पावसाळ्यात संशय घ्यावा तो गॅलरीतल्या सॉकेटवर, एसीच्या बाहेरच्या युनिटवर, ओल आलेल्या भिंतीतल्या जंक्शन बॉक्सवर. गीझरवर तर बारा महिने. त्याच्या एलिमेंटच्या नळीला केसाएवढी चीर गेली तरी आतल्या पांढऱ्या पावडरीत पाणी शिरतं आणि गळती सुरू होते.

सगळे एमसीबी खाली कर, मग आरसीसीबी वर. टिकला तर एकेक एमसीबी चढव. ज्याच्यावर पडेल ती लाइन दोषी. आता त्या लाइनवरचे सगळे प्लग उपसून काढ. नुसती बटणं बंद करून भागत नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं; न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो कुठे अर्थला टेकला असेल तरी आरसीसीबी पडू शकतो. सगळे एमसीबी खाली असूनही पडला तरी पहिला संशय न्यूट्रलवरच, कारण साधा एमसीबीही फेजच तोडतो. तिथे तू हात घालू नकोस. इलेक्ट्रिशियनला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, आणायला सांग. वायरिंगचं रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर ओल आहे किंवा वायर खराब झाली आहे.

एखादा शहाणा म्हणेल, ‘गीझरची अर्थची वायर काढतो, पडायचं थांबेल.’ थांबेल खरं, कुणी ओल्या हाताने नळ धरेपर्यंत. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

आता काक्षी. बहुतेक जण आर्द्रेचा तारा म्हणतात तो हाच. आर्द्रा म्हणजे ओली. तुझी मेन पडायला लागली तीही सूर्य आर्द्रेत गेल्यावरच! गंमत म्हणजे याच दिवसांत तो तारा दिसत नाही, सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतर पूर्वेला मृग शोध. तांबडा तो काक्षी, निळसर पांढरा तो राजन्य. तापलेल्या वस्तूचा रंग तिच्या तापमानावर ठरतो. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,५०० केल्विन, सूर्याचा ५,८००, राजन्यचा १२,०००च्या आसपास. जुन्या पिवळ्या बल्बची तार जेमतेम २,७०० केल्विनची, म्हणजे ‘थंड’ काक्षीही बल्बपेक्षा गरमच. व्होल्टेज उतरल्यावर बल्ब लालसर होतो, तेही याच नियमाने. २०१९-२०च्या हिवाळ्यात काक्षी एकदम मंदावला, तेव्हा त्याचा स्फोट होणार अशी हूल उठली होती. त्यानेच फेकलेल्या धुळीचा पडदा आड आला होता.

ओठांचं उत्तर याला लागूनच आहे. १९१३च्या ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्या काळच्या फिल्मला निळं चांगलं दिसे, लाल जवळपास दिसतच नसे. त्यामुळे लाल ओठ काळे, कुंकू काळं, आणि निळं आभाळ पांढरंफटक. सगळे रंग पकडणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२०च्या दशकाच्या अखेरीस सर्रास झाली. आकाशाचे फोटो घ्यायच्या जुन्या, निळ्यालाच भुलणाऱ्या काचांवरही हेच: डोळ्यांना राजन्यच्या बरोबरीचा वाटणारा काक्षी तिथे मिणमिणता उमटतो.

प्लग काढून बघितलेस की कुठली लाइन निघाली ते कळव. तोवर गीझर बंद ठेव आणि अंघोळीचं पाणी गॅसवर तापव.

तुझा,
अविनाश