‘शिक्का असू द्या, द्यायचीच आहे’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली की आमच्या दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं. “मालक, स्वस्तातली दाखवा, पण सोलापुरीचा शिक्का असू द्या. द्यायचीच आहे.” म्हणजे चादर सोलापुरी नाही हे घेणाऱ्याला ठाऊक, विकणाऱ्यालाही ठाऊक. ज्याला आहेरात मिळणार तेवढा एकटा अंधारात. बनावट मालावर आजवर खूप लिहून आलं, त्यात दोष नेहमी व्यापाऱ्याचा. व्यापारी म्हणून तो मी नाकारत नाही. पण शिक्का मागून घेणारं गिऱ्हाईक कुठल्याच बातमीत दिसत नाही, म्हणून हे पत्र.

सोलापुरात माझं चादरींचं छोटं दुकान आहे. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून परतणारी मंडळी गाडी थांबवून उतरतात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत तर बसायला वेळ मिळत नाही. दुकानात दोन्ही प्रकारचा माल आहे आणि दोन्ही वेगळ्या कपाटांत आहे. बाहेरच्या मालाच्या कपाटावर ‘बाहेरचा माल’ अशीच पाटी आहे. शेजारचे दुकानदार हसतात. हसू देत.

बाहेरचा माल बहुतेक पानिपतकडून येतो, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. त्यात वाईट काही नाही. तिथले कारागीर जुन्या कपड्यांच्या सुतातून, पॉलिस्टरमधून स्वस्त पांघरुणं काढतात. थंडीत ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत त्याला तीच परवडतात. पानिपतची म्हणून विका, कोण अडवतंय? भानगड होते ती त्यावर ‘सोलापूर’ छापलं जातं तेव्हा.

फरक ओळखणं अवघड नाही. जकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी काढणाऱ्या यंत्रमागावर विणलेली आपली चादर उलटी करा. पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर लाल मोर दिसतो, कारण नक्षी विणीतच असते. छापील चादरीची मागची बाजू फिकट असते. कडेचा एक धागा काढून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हातात वजन घेतलं तरी कळतं. हे मी प्रत्येकाला दाखवतो. बघून झाल्यावर निम्मे लोक म्हणतात, “बरोबर आहे तुमचं, पण ती अडीचशेवालीच द्या, आणि शिक्का?” शिक्का मिळत नाही म्हटल्यावर दोन दुकानं सोडून पुढे जातात. तिथे मिळतो.

भौगोलिक मानांकनाचा (जीआय), म्हणजे अमुक वस्तू अमुक ठिकाणचीच असा हक्क देणारा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये. महाराष्ट्रात सुरुवातीला हे मानांकन मिळवणाऱ्या वस्तूंमध्ये आपली चादर आणि आपला टर्किश टॉवेल होता. खोटं मानांकन लावणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद या कायद्यात आहे. पण त्यात एक बाब अशीही आहे जी गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. मानांकन मिळालं म्हणजे सोलापुरातल्या प्रत्येक मागाला आपोआप ते लागू होत नाही. कारखानदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करायची असते. त्यामुळे दुकानात विचारायचं झालं तर “सोलापुरी आहे का?” यापेक्षा “विणली कुणी, त्याची नोंद आहे का?” हे विचारावं. आमच्यापैकी किती जण उत्तर देतील, ते विचारल्यावरच कळेल.

फोनवरच्या खरेदीचं तर काय सांगावं! ‘सोलापुरी’ असं शोधलं की शंभर चादरी दिसतात, खाली बारीक अक्षरात ‘मायक्रोफायबर’, म्हणजे कृत्रिम धागा. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनी माल कुठल्या देशातला हे सांगणं बंधनकारक केलं, पण पानिपत आणि सोलापूर एकाच देशात, तेव्हा तेवढा नियम पाळलेलाच असतो. ‘फक्त दोनच शिल्लक’ असं खोटं लिहून घाई करायला लावणं हा प्रकार केंद्राने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसवणुकीच्या तेरा प्रकारांत धरला. तरी पाटी रोज दिसते, आणि दुकानात वीस रुपयांसाठी घासाघीस करणारे तिथे मुकाट्याने पैसे भरतात. ज्याला खरोखर फसवलं गेलं त्याने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. शिक्का मागून घेणाऱ्याने कुठे करावी, हा माझा प्रश्न आहे.

इथपर्यंतचं माझ्या धंद्यातले बरेच जण मान्य करतील. पुढचं कदाचित नाही करणार.

चादर अस्सल सोलापुरी असली की आपण सगळे निश्चिंत होतो. विकणाराही अभिमानाने सांगतो, घेणाराही चार पैसे जास्त देऊन समाधानाने जातो. पण मानांकन फक्त माल कुठला ते सांगतं. शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जो माणूस पाळी संपेपर्यंत उभा राहून दोन-दोन माग सांभाळतो, ज्याच्या कानात घरी आल्यावरही खटखट चालू असते, त्याला त्या चादरीमागे काय मिळालं, हे शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. मजुरी नगावर. वीज गेली, सूत तुटलं, माग बिघडला की कमाई बुडाली. मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या बायकांचा हिशेब आणखी खालचा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून पुढे लागतो, म्हणून प्रत्येक नावावर वीसपेक्षा कमी कामगार दिसावेत यासाठी एकाच छपराखाली तीन नावांच्या पाट्या लावायची युक्ती बऱ्याच यंत्रमाग गावांत चालते, आपल्याकडेही. मालकाचंही म्हणणं मी ऐकतो. सुताचा भाव आणि विजेचं बिल त्याच्या हातात नाही, आणि दोनशेची नक्कल बाजारात असताना तो आठशेची चादर हजाराला कशी विकणार? त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पण तो हिशेब नेहमी मजुराच्याच ताटातून का वळता होतो, याचं उत्तर त्याच्याकडेही नसतं.

इतकी वर्षं गल्ल्यावर बसतो आहे. गिऱ्हाईक रंग पक्का आहे का विचारतं, किती धुलाया टिकेल विचारतं, डझनाला किती सोडाल विचारतं. विणणाऱ्याला किती मिळाले हे एकानेही विचारलेलं नाही. आणि मीही माल उचलताना कारखान्यात हे विचारत नाही, कारण विचारलं तर दुसऱ्या दिवशी माल दुसऱ्याला जाईल.

विचारल्याने काही होतं का? होतं. १९९० च्या दशकात जर्मनीने कर्करोगाची भीती असलेल्या ॲझो रंगांच्या कापडाला दार बंद केलं. मग आपल्याकडेही त्या रंगांवर बंदी आली आणि रंगाई करणाऱ्यांना डबे बदलावे लागले. इतकी वर्षं त्याच रंगात हात घालणाऱ्या आपल्या माणसांची काळजी कुणाला नव्हती. परदेशातल्या एका आईला आपल्या बाळाच्या टॉवेलची होती, म्हणून डबे बदलले. आजही निर्यातीचा टॉवेल काढणाऱ्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येतात. वयाचे दाखले, आग लागली तर बाहेर पडायची वाट, पगाराची वही, सगळं बघतात. ही तपासणी पुष्कळदा मोठ्या कारखान्यापुरतीच असते आणि त्याच्यासाठी मजुरीवर काम (जॉबवर्क) करणाऱ्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचत नाही, हे खरं. पण तेवढी विचारपूससुद्धा देशातल्या गिऱ्हाइकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, कधी केली नाही. सत्काराला चादरी वाटणाऱ्या संस्था, पुढारी, बँका एका वेळी शेकड्याने माल घेतात. त्यांची एक अट पुरेशी ठरेल: नोंद असलेल्या वापरकर्त्याचाच माल, आणि सोबत मजुरी व भविष्य निर्वाह निधीचा कागद. त्याऐवजी त्यांच्याकडून निरोप येतो, “शिक्का असू द्या.”

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, गरिबाने काय करायचं? गरिबाने बाहेरच्या मालाच्या कपाटातली चादर खुशाल घ्यावी. माझी तक्रार त्याच्यावर नाही. तो शिक्का मागत नाही, ऊब मागतो. शिक्का मागणारा गाडीतून उतरलेला असतो.

यंत्रमागधारकांच्या संघटनांना माझी सूचना साधी आहे. प्रत्येक चादरीला कापडी पट्टी शिवा. त्यावर विणणाऱ्या कारखान्याचं नाव, नोंदणी क्रमांक, सुताचा प्रकार आणि वजन छापा. त्याच पट्टीवर त्या नगामागे विणकराला दिलेली मजुरीही छापा. शेवटच्या ओळीला विरोध होणार, मला कल्पना आहे. ती पहिल्या वर्षी नसली तरी चालेल, पण पट्टीवर तिच्यासाठी जागा मोकळी ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक विचारेल की इथे काय लिहायचं राहिलं. पट्टी शिवण्याचा माझ्या मालापुरता खर्च मी सोसायला तयार आहे. दुकानदारांनी बिलावर ‘सोलापुरी’ किंवा ‘बाहेरची’ हे स्पष्ट लिहावं. मी लिहितो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं बिल नको म्हणतात, त्यांना मी चादरही देत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चादर विक्रेता, साखर पेठ, सोलापूर
(माल देणारे सगळे ओळखीचे आहेत, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)