समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

रावेरच्या केळीवाल्याने आपल्या खात्याला पत्र लिहावे, हे जरा विचित्र वाटेल. आमची तापी सुरतेपलीकडे खंबातच्या आखाताला मिळते, तेवढाच खान्देशाचा समुद्राशी संबंध असे सगळे धरून चालतात. पण जी-नाईन या केळीच्या जातीचे टिश्यूकल्चर रोप मातीत येण्याआधी प्रयोगशाळेच्या बाटलीत ज्या जेलीवर वाढते, ती सहसा आगरची असते. आगर निघते ग्रॅसिलारिया, जेलिडियम अशा लाल समुद्री शेवाळांतून. फालुद्यातला चायना ग्रास तोच. दवाखान्यात लघवीचा नमुना ज्या तबकडीवर वाढवून जंतू ओळखतात, तिच्यातही तोच.

कप्पाफायकस नावाच्या दुसऱ्या लाल शेवाळातून कॅरागीनन मिळते. चॉकलेटच्या दुधात कोको तळाशी बसत नाही, आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होत नाहीत, टूथपेस्ट दाट राहते, ते त्याच्या जिवावर. सर्दीवरच्या काही नाकातल्या फवाऱ्यांतही ते वापरतात. मात्र शेवाळाची भुकटी कॅन्सर, मधुमेह, सगळेच बरे करते अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात, त्यांना आवर घाला. थायरॉइडच्या रोग्याला जादा आयोडीन बाधू शकते, हे त्यांत कुणी सांगत नाही.

आमचा खरा व्यवहार आहे तो रसाशी. ताजे कप्पाफायकस पिळून निघालेला रस पिकावर फवारतात आणि उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन काढतात. एका पिकातून दोन उत्पन्ने काढण्याची ही रीत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने बसवली. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बचतगटाच्या बाया बांबूच्या तराफ्यांवर हे शेवाळ लावतात, साधारण ४५ दिवसांत काढणी. त्याला ना खत, ना गोडे पाणी. बोअर खोल खोल नेत केळी जगवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला हे वाचून हेवाच वाटतो.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्री शेवाळासाठी ६४० कोटी रुपये धरले होते. रामनाथपुरमला शेवाळ पार्क मंजूर झाले. मग आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाट्याला काय आले? राज्याने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यात शेवाळ लावणारी कोकणातली बाई शेतकरी म्हणून बसते का, तिला पीककर्ज आणि विमा मिळेल का, एवढे स्पष्ट करा.

घाई मात्र नको. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो, नद्यांचे गोडे पाणी किनाऱ्याला येते आणि कप्पाफायकसला ते सोसत नाही. शिवाय ते मूळचे परदेशी. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ ते लागवडीतून सुटून प्रवाळांवर पसरल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. मालवणला सागरी अभयारण्य आहे, तिथे प्रवाळ आहेत. म्हणून आधी हिप्निया, ग्रॅसिलारिया या आपल्याच किनाऱ्याच्या जातींवर काम व्हावे. आगर ग्रॅसिलारियातून निघतेच, आणि टिश्यूकल्चरच्या प्रयोगशाळा जळगावात आहेत, म्हणजे गिऱ्हाईक शोधत हिंडायला नको.

आता दुकानाकडे येतो. घड निसवल्यावर फण्या भरण्यासाठी 'सागरी अर्क' म्हणून बाटल्या विकल्या जातात. हंगामात युरिया मागायला गेलो की त्यासोबत ही बाटली गळ्यात मारतात. लिंकिंग हा शब्द आपल्यापर्यंत पोचला असेलच. २०२१ पासून जैव उत्तेजके, म्हणजे पिकाची वाढ सुधारणारे असे अर्क, खत नियंत्रण आदेशाखाली आली, कागदावर सारे चोख आहे. पण बाटलीतला अर्क तमिळनाडूच्या लाल शेवाळाचा, उत्तर अटलांटिकच्या तपकिरी शेवाळाचा, की नुसतेच रंगीत पाणी, हे शेतकऱ्याने ओळखायचे कसे? शेवाळाची जात, अर्काचे प्रमाण आणि मूळ देश ठळक मराठीत छापायला लावा. नमुना तपासायची सोय जळगावातच करा, म्हणजे घड कापणीला येण्याआधी अहवाल हातात पडेल.

बाटली हा कृषी खात्याचा विषय, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच फाइल तिकडे ढकलू नका, कृषिमंत्र्यांना शेजारी बसवून एकदाच ठरवा. रस कोकणात निघाला आणि आमच्या केळीवर पडला तर दोघांचे पैसे राज्यात राहतील, पण त्याचा दर्जा आम्हाला पडताळता आला पाहिजे. आमचे गणित साधे आहे: माल खरा असेल तर आम्ही रोखीने घेऊ.

कांदेबागाची, म्हणजे केळीच्या दुसऱ्या हंगामाची, लागवड ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्याआधी तपासणीचे काय ठरले ते कळवावे, ही विनंती.

आपला,
एक केळी उत्पादक
ता. रावेर, जि. जळगाव