काकू, त्या एका ओळीसाठी

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

लेकीला स्पॅनिशच्या पदवीसाठी विद्यापीठाची ऑफर आली, हे फोनवर सांगताना मला रडूच कोसळलं आणि आभार मानायचे राहून गेले. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

1937 च्या मे महिन्यात, स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं, तिथल्या बास्क प्रदेशातल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले त्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा 'हबाना' बोटीतून जवळपास 4,000 बास्क मुलं इथे इंग्लंडात, आमच्या साउथहॅम्प्टनच्या बंदरात उतरली आणि ईस्टलीजवळ तंबूंत राहिली. शाळेत हे ऐकलं आणि लेकीला स्पॅनिशचं वेड लागलं. विद्यापीठाच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये तिने त्यावर एकच ओळ लिहिली होती. भरपूर फी घेणाऱ्या सल्लागाराने नेमकी तीच लाल पेनाने खोडली. म्हणे, विषयाशी संबंध नाही! तिच्या जागी 'लहानपणापासून मला भाषांची आवड आहे' छापाची, कुणाच्याही नावावर खपतील अशी वाक्यं. वर 'त्यापेक्षा बिझनेस घ्या' हेही ऐकवलं. पोरगी त्यानंतर लिहायलाच बसेना.

तुम्ही तो कागद शांतपणे वाचलात. चुका काढल्या नाहीत. एक कोरा कागद घेतलात, खोडलेली ओळ स्वतःच्या अक्षरात सगळ्यात वर लिहिलीत, पेन्सिल तिच्या हातात दिलीत नि म्हणालात, "पुढचं तू सांग. मी चहा टाकते." काकू, चहा गार झाला तरी तिने मान वर केली नाही. त्या मुलांशी तंबूत त्यांच्या भाषेत कोण बोलत असेल, घरची खबर त्यांना कोण वाचून दाखवत असेल, हे सगळं तिच्या मनात साठलेलं होतं. आम्हाला, तिच्या आईबापांनाही, ते कधी विचारावंसं वाटलं नाही.

पुण्यात इतकी वर्षं स्पॅनिश शिकवलंत, सगळं स्टेटमेंट तुम्हीच लिहून देऊ शकला असता. पण त्या स्टेटमेंटच्या 4,000 अक्षरांत तुमचा एक शब्द नाही.

तेव्हाचं ब्रिटिश सरकार त्या मुलांवर पैसा खर्च करायला तयार नव्हतं. वर्गणी काढून, तंबू ठोकून त्यांना सांभाळलं ते साध्यासुध्या लोकांनी. ना ओळखीची, ना भाषेची मुलं. तुम्हाला पाहिलं आणि ती माणसं कशी असतील ते कळलं. पैशांचं नाव काढलं तर माझ्यावर रागावलात!

तिसऱ्या वर्षी स्पेनला जायचंय, तर त्या मुलांच्या बास्क प्रदेशातलं बिल्बाओच हवं म्हणतेय. ते पुढचं पुढे. येत्या पाडव्याला श्रीखंड-पुरी आमच्याकडे, आणि या वेळी नाही म्हणायचं नाही.

तुमची,
तुमच्या विद्यार्थिनीची आई